लाटलेले पितळ, पाणी दिलेले पोलाद: कणरचना कशी बदलते आणि ती खरी कशी पाहायची

७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची मऊ पट्टी कठीणपणा मोजणाऱ्या विकर्स यंत्राखाली साधारण ६० ते ७० अंक दाखवते. तीच पट्टी निम्म्या जाडीपर्यंत लाटली की आकडा १७०च्या आसपास जातो. मग अर्धा तास ७०० अंश सेल्सिअसवर ठेवली की पुन्हा ६०च्या घरात येतो. तांबे-जस्ताचे प्रमाण तिन्ही वेळा तेच असते. बदलते ती आतली कणरचना, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांची (कणांची) मांडणी, आणि ती साध्या धातुसूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

इथे दोन मालिका तयार करायच्या आहेत: पितळेची आणि मध्यम कार्बन पोलादाची. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की ठेवा. नमुना करवतीने कापणे, पॉलिश कागदावर घासणे, बेकेलाइट या गरम करून जमवायच्या प्लास्टिकमध्ये बसवणे हीसुद्धा धातूची ओढाताण आणि तापवणीच आहे. त्यामुळे काचेतून दिसते त्यातले किती भट्टीने आणि लाटणीने घडवले आणि किती आपल्या हातांनी, हे वेगळे ओळखता आले पाहिजे. नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

पितळ: आधी जुना इतिहास पुसा

३ मिलिमीटर जाड, २० ते २५ मिलिमीटर रुंद पट्टी घ्या. बाजारातून आलेली पट्टी आधीच लाटलेली असते, किती ते सांगता येत नाही. म्हणून सगळी पट्टी ६०० अंशांवर एक तास ठेवून मऊ करा. या पितळेत थंड होताना कोणतेही रूपांतर होत नाही, त्यामुळे हवेत थंड करा की पाण्यात बुडवा, कठीणपणा सारखाच राहतो. पाण्यात बुडवल्याने वरचा काळा थर बराचसा सुटून येतो, एवढाच फायदा.

भट्टी ७०० अंशांच्या वर नेऊ नका. जस्त ९०७ अंशांना उकळते, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते पृष्ठभागावरून उडू लागते. बाहेरचा थर तांबूस दिसू लागला, तर त्या थरातले जस्त गेले आहे आणि तिथली रचना आता पितळेची राहिलेली नाही. भट्टीजवळ हवा खेळती हवी. जस्ताचा धूर अंगात गेला तर ताप भरतो.

आता लाटा. एका फेरीत पाव मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी कमी करू नका, नाहीतर पट्टी गरम होते आणि कडांना चिरा पडतात. २.७ मिलिमीटरला पोचल्यावर एक तुकडा कापून ठेवा, २.२५ला दुसरा, आणि उरलेली पट्टी १.५ मिलिमीटरपर्यंत न्या. मूळ जाडीतून उरलेली जाडी वजा करून मूळ जाडीने भागले की हे अनुक्रमे १०, २५ आणि ५० टक्के होतात. प्रत्येक तुकड्यावर लाटण्याच्या दिशेचा बाण लगेच कोरा. हे राहिले तर पुढे कोणत्या बाजूने कापायचे हेच कळत नाही. लाटण्याचे यंत्र नसेल तर ऐरणीवर सपाट हातोड्याने ठोकूनही काम होते, मात्र जाडी एकसारखी राहत नाही. अशा वेळी मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजा आणि जिथे जाडी मोजली तिथलाच तुकडा तपासा.

आत काय घडले? स्फटिकातल्या अणूंच्या ओळींत रेषेसारखे दोष असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. ते सरकले की धातू आकार बदलतो. मऊ धातूच्या एका चौरस सेंटीमीटरमध्ये असे दोष दहा लाख ते दहा कोटी असतात. जबर लाटल्यावर ती संख्या दहा हजार कोटींच्या पुढे जाते. गर्दी वाढली की ते एकमेकांत अडकतात, पुढे सरकणे अवघड होते, आणि त्यालाच आपण धातू कडक झाला म्हणतो. लाटायला लावलेली बहुतेक शक्ती उष्णता होऊन निघून जाते. काही टक्केच या दोषांच्या रूपाने आत साठून राहते. पुढे भट्टीत जे काही घडते ते या साठ्याच्या जोरावर.

५० टक्के लाटलेल्या तुकड्याचा छेद नेहमी लाटण्याच्या दिशेने आणि जाडीत घ्या. वरून पाहिले तर कण जवळजवळ नेहमीसारखेच दिसतात आणि काही झालेच नाही असा समज होतो. उभ्या छेदात मात्र कण लांबट झालेले दिसतात. हिशोब सोपा आहे: जाडी निम्मी झाली तर लांबी दुप्पट होते, म्हणून पूर्वी गोलसर असलेला कण आता उंचीच्या चौपट लांब असायला हवा. मोजलेले गुणोत्तर चारऐवजी दीड-दोन आले, तर बहुधा छेद तिरका गेला आहे किंवा आडव्या दिशेने कापला आहे.

पितळ पुन्हा तापवताना

५० टक्के लाटलेल्या पट्टीचे सहा तुकडे करा आणि २००, ३००, ४००, ५००, ६०० व ७०० अंशांवर प्रत्येकी अर्धा तास ठेवा. भट्टी आधी त्या तापमानाला स्थिर होऊ द्या, मगच तुकडा आत टाका. तापमान मोजणारे थर्मोकपल मागच्या भिंतीजवळ असते आणि दाराजवळचा तुकडा त्याहून बराच थंड राहू शकतो. म्हणून सगळे तुकडे एकाच जागी, भट्टीच्या मध्यावर ठेवा.

२०० अंशांच्या तुकड्यात काचेतून काहीच बदल दिसत नाही. कठीणपणाही घटत नाही, उलट पितळेत तो किंचित वाढलेला आढळतो. पण लाटणीने आत राहिलेला ताण कमी व्हायला लागलेला असतो. २५० अंशांच्या आसपास तासभर ठेवून हा ताण उतरवणे हे पितळी वस्तूंसाठी फार मोलाचे काम आहे. ताणलेले पितळ अमोनियाच्या संपर्कात आले की कणसीमांवरून तडकते. घोड्यांच्या तबेल्यांजवळ दमट हवेत साठवलेली काडतुसांची पितळी नळकांडी याच कारणाने आपोआप तडकत असत.

३०० अंशांच्या आसपास खरी मजा सुरू होते. लांबट कणांच्या कडांना आणि जिथे लाटणीचे पट्टे एकमेकांना छेदतात तिथे छोटे, स्वच्छ, नवे कण उगवलेले दिसतात. साठलेल्या शक्तीवर ते वाढतात आणि जुन्या, दोषांनी भरलेल्या रचनेला खाऊन टाकतात. हे पुनर्स्फटिकीकरण. नव्या कणांनी किती टक्के क्षेत्र व्यापले ते तपासायला हाच नमुना सर्वांत चांगला. ४०० अंशांवर जुने कण पूर्ण संपलेले असतात, सगळीकडे बारीक नवे कण असतात, आणि कठीणपणा एकदम खाली येतो. त्यापुढे ६०० आणि ७०० अंशांना हे कण एकमेकांना गिळत मोठे होत जातात. त्यांच्या पोटातून सरळ कडांचे समांतर पट्टे जातात, ते जुळे स्फटिक. मऊ केलेल्या पितळेची ही ओळखच आहे.

सर्वांत शिकवणारी तुलना अजून राहिली. १० टक्के लाटलेला तुकडाही ६०० अंशांवर अर्धा तास ठेवा आणि ५० टक्क्यांच्या तुकड्याशेजारी पाहा. भट्टी तीच, वेळ तीच, तरी १० टक्क्यांच्या तुकड्यात कण मोठे निघतात. कमी लाटल्यामुळे नवे कण उगवायला जागा थोड्याच मिळतात, आणि उगवलेल्या थोड्या कणांना वाढायला मैदान मोकळे असते. म्हणून ओढकामाच्या पत्र्याला शेवटची हलकी फेरी देऊन मऊ करणे धोक्याचे: पुढे खोल वाटीसारखा आकार ओढताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. बारीक कणांचा धातू जास्त बळकट असतो हे हॉल आणि पेच या धातुशास्त्रज्ञांनी अनुक्रमे १९५१ आणि १९५३ साली मांडले: बळकटी कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते.

एक खुलासा, कारण इथे शब्दांचा गोंधळ फार होतो. थंड काम आणि गरम काम हा भेद हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून ठरत नाही. धातू पुनर्स्फटिकीकरणाच्या तापमानाच्या खाली आहे की वर, यावरून तो ठरतो. ते तापमान केल्व्हिनमध्ये मोजलेल्या वितळबिंदूच्या साधारण ०.४ पट असते. म्हणून शिसे खोलीच्या तापमानाला ठोकणे हे गरम काम आणि १००० अंशांवर लालभडक टंगस्टन ठोकणे हे थंड काम.

पोलाद: सहा तुकडे, सहा रचना

०.४५ टक्के कार्बनचे, १२ मिलिमीटर व्यासाचे पोलाद घ्या आणि १५ मिलिमीटर लांबीचे सहा तुकडे कापा. याहून जाड घेतले तर पाण्यातही गाभा पूर्ण कडक होणार नाही. तापवताना पोलादाच्या कातडीतला कार्बन हवेत जळून जातो. म्हणून तुकडे कोळशाच्या भुकटीत किंवा बिडाच्या किसात पुरून तापवा, आणि तरीही तपासणीआधी पृष्ठभागाचा एक मिलिमीटर घासून काढा.

पहिला तुकडा ८५० अंशांवर अर्धा तास ठेवून भट्टी बंद करा, दार न उघडता रात्रभर आतच थंड होऊ द्या. दुसरा तसाच तापवून हवेत ठेवा. तिसरा पाण्यात. चौथाही पाण्यात, आणि लगेच नंतर ६०० अंशांवर एक तास. पाचवा ७५० अंशांवर अर्धा तास ठेवून पाण्यात. सहावा १०५० अंशांवर एक तास ठेवून हवेत.

पाणी देताना सांडशी आधी गरम करून घ्या, नाहीतर पकडीच्या जागी तुकडा थंड पडतो. दारापासून पाण्यापर्यंत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लावू नका. बादलीत किमान दहा लिटर पाणी हवे. तुकडा पाण्यात गेल्यावर सोडून देऊ नका, आठच्या आकारात जोरात फिरवत राहा. स्थिर तुकड्याभोवती वाफेचे कवच जमते आणि त्या जागी थंड होणे मंदावते. फिरवूनही मऊ डाग राहत असतील तर पाण्यात दहा टक्के मीठ टाका. मीठ ते कवच फोडते, मात्र तडकण्याचा धोका वाढतो. पाणी दिल्यावर चौथा तुकडा दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, तासाभरात भट्टीत जाऊ द्या. पाणी दिलेले पोलाद टेबलावर पडल्या पडल्याही तडकू शकते.

लोहचुंबक तुकड्याला चिकटेनासा झाला म्हणजे पोलाद तयार, ही समजूत अर्धवट आहे. चुंबकत्व ७७० अंशांच्या सुमारास जाते, पण या पोलादातले सगळे फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंडाचे मऊ कण) विरघळायला त्याहून थोडे वर जावे लागते. पाचवा तुकडा हेच दाखवण्यासाठी आहे.

आता काचेतून. पहिल्यात पांढरे फेराइट आणि काळसर पर्लाइट (फेराइट आणि सिमेंटाइट या लोखंड-कार्बनच्या कठीण संयुगाच्या आलटून पालटून पट्ट्या) मोठमोठ्या ठिपक्यांत दिसते. लोखंड-कार्बन आलेखातल्या ७२७ अंशांच्या रेषेवर हिशोब केला तर पर्लाइट साधारण ५८ टक्के यायला हवे: ०.४५मधून ०.०२ (फेराइटमधला कार्बन) वजा केले आणि ०.७६ (पर्लाइटमधला कार्बन) व ०.०२ यांच्या फरकाने भागले. ५०० पटीला त्यातल्या पट्ट्याही वेगळ्या दिसतात. दुसऱ्यात कण बारीक असतात आणि पर्लाइटच्या पट्ट्या इतक्या दाट की बऱ्याच ठिकाणी नुसता करडा डाग दिसतो. इथे पर्लाइट ५८ टक्क्यांपेक्षा जास्त दिसते. ही चूक नव्हे. हवेत लवकर थंड झाल्याने फेराइटला बाहेर पडायला पुरता वेळच मिळालेला नसतो. हवेत गार केलेल्या तुकड्यावरून कार्बनचे प्रमाण काढू नये ते याचसाठी.

तिसऱ्यात सुयांसारख्या आणि पट्ट्यांसारख्या गुंतवळ्याचे मार्टेन्साइट, झटकन थंड केल्याने बनणारे पोलादाचे कडक रूप. कार्बन लोखंडाच्या स्फटिकात अडकून पडल्याने ते कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर ५५च्या पुढे जाते आणि काचेसारखे ठिसूळ असते. चौथ्यात त्या सुयांची सावली राहते, पण आत सिमेंटाइटचे अतिशय बारीक दाणे पसरलेले असतात. कठीणपणा २५ ते ३० रॉकवेलपर्यंत उतरतो आणि चिवटपणा येतो. पाचव्यात मार्टेन्साइटमध्ये पांढरी, मऊ फेराइटची बेटे दिसतात. तुकडा पूर्ण कडक का झाला नाही, याचे उत्तर त्या बेटांत आहे. सहाव्यात कण खूप मोठे होतात आणि कणसीमांपासून फेराइटच्या टोकदार फाळ्या आत घुसलेल्या दिसतात. जास्त तापवल्याची ही खूण. हा तुकडा पुन्हा ८५० अंशांवर नेऊन हवेत ठेवला तर कण परत बारीक होतात. पोलादाला हे जमते कारण त्यात स्फटिकाचा प्रकारच बदलतो. कण मोठे झालेल्या पितळेला मात्र पुन्हा लाटल्याशिवाय सुटका नाही.

नमुना तयार करताना हात स्वच्छ ठेवा, शब्दशः

कापताना थंड पाणी सतत वाहते ठेवा. पाणी दिलेला तुकडा कोरड्या चाकावर कापला आणि कडेला निळी छटा आली, तर तिथे ३०० अंशांच्या आसपास उष्णता पोचली होती. म्हणजे आता तुम्ही मार्टेन्साइट नव्हे, नकळत टेम्पर केलेले, म्हणजे चौथ्या तुकड्यासारखे पुन्हा तापवलेले पोलाद पाहणार आहात. बेकेलाइटमध्ये बसवतानाही नमुना १५० अंशांपर्यंत जातो. म्हणून तिसरा आणि पाचवा तुकडा थंड जमणाऱ्या रेझिनमध्ये बसवा, बाकीच्यांना बेकेलाइट चालते.

पाण्याखाली २४०, ३२०, ४०० आणि ६०० क्रमांकाचे कागद वापरा. प्रत्येक कागदावर नमुना ९० अंशांनी वळवा आणि आधीचे ओरखडे गेले की तेवढाच वेळ आणखी घासा. हा जास्तीचा वेळ लोक हमखास वाचवतात. ओरखडा दिसेनासा झाला तरी त्याच्या खाली चेपलेला थर शिल्लक असतो, आणि तो ओरखड्याच्या खोलीपेक्षा कितीतरी जाड असतो. कागद बदलताना नमुना, हात आणि नखांखालची जागा धुवा. एक दाणा पुढच्या कापडावर गेला की पुन्हा मागे यावे लागते. पुढे ६ आणि १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट, शेवटी ०.०५ मायक्रॉनचे अ‍ॅल्युमिना.

कणरचना दिसावी म्हणून शेवटी आम्ल लावायचे. पोलादासाठी ९८ मिलिलिटर इथेनॉलमध्ये २ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. आम्ल अल्कोहोलमध्ये घालायचे, उलट कधीही नाही, आणि मिश्रण घट्ट बुचाच्या बाटलीत साठवायचे नाही. आत वायू तयार होऊन बाटली फुटू शकते. चष्मा, हातमोजे आणि खेळती हवा लागतेच. ५ ते १५ सेकंद बुडवा. आरशासारखी चमक जाऊन पृष्ठभाग फिका धुरकट झाला की बाहेर काढा, अल्कोहोलने धुवा, गरम हवेने वाळवा. पाणी राहिले तर तासाभरात तपकिरी डाग येतात, ते कोणतेही नवे रूप नव्हे, गंज आहे. पितळेसाठी १०० मिलिलिटर पाणी, ५० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५ ग्रॅम फेरिक क्लोराइड. कापसाच्या बोळ्याने काही सेकंद फिरवा.

मऊ पितळेत इथे एक फसगत ठरलेली. आम्ल लावल्यावर बारीक काळ्या रेषांचे झुबके दिसतात आणि नमुना लाटलेला असावा असे वाटते. ते कागदाने चेपलेल्या थरातले असतात. नीट पाहा: ते झुबके एका सरळ पट्ट्यात, अनेक कण ओलांडून जातात आणि जुन्या ओरखड्याच्या दिशेत असतात. जुळे पट्टे कणसीमेवर थांबतात आणि प्रत्येक कणात त्यांची दिशा वेगळी असते. शंका आली की शेवटच्या कापडावर पुन्हा घासा, पुन्हा आम्ल लावा, असे दोन-तीनदा करा. झुबके विरळ होत गेले तर ते तुमच्या हाताचे होते.

मोजणी

१०० पटीच्या छायाचित्रावर एकूण ५०० मिलिमीटर लांबीच्या रेषा आखा आणि त्या किती कणसीमा छेदतात ते मोजा. समजा १२५ आल्या. प्रत्यक्ष लांबी ५ मिलिमीटर, म्हणून सरासरी छेद ०.०४ मिलिमीटर, म्हणजे ४० मायक्रॉन. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या कणांच्या मोजपट्टीवर हा सुमारे ६ क्रमांक. पितळेत जुळ्यांच्या कडा मोजणीत धरू नका, नाहीतर कण आहेत त्याहून लहान निघतात. लाटलेल्या नमुन्यात लांबीच्या आणि जाडीच्या दिशेने वेगवेगळे मोजा. सरासरी काढली तर सगळी माहितीच हरवते.

विकर्स चाचणी दहा किलो भाराने पट्टीच्या सपाट बाजूवर घ्या, कारण दीड मिलिमीटरच्या छेदावर खूण कडेच्या फार जवळ जाते. मऊ पितळेत या भाराची खूण साधारण अर्धा मिलिमीटर कर्णाची येते, म्हणून दोन खुणांत किमान दीड मिलिमीटर अंतर सोडा. आकडा आणि चित्र जुळत नसेल, उदाहरणार्थ काचेत मार्टेन्साइट आणि रॉकवेलला फक्त ४५, तर आधी कडेचा थर पुरेसा काढला होता का ते पाहा. मग कणसीमांवर काळ्या गोलसर गाठी शोधा: त्या बारीक पर्लाइटच्या असतात आणि पाण्यापर्यंत पोचायला उशीर झाल्याचे सांगतात. दोन्ही नसेल तर चाक आठवा. कापताना पाणी चालू होते का?